जमीरभाईंच्या चिठ्ठ्या

अंतराळात जाऊन आलेल्या रोपांच्या तक्त्यातला पहिला रकाना मी अकारविल्हे लावला. बाकीचे रकाने जिथल्या तिथंच राहिले.

एवढीच चूक. सांगायला दोन ओळी लागल्या, करायला त्याहून कमी वेळ लागला होता. तक्त्यात बारा रोपं होती. सहा वर जाऊन आलेली, सहा तशाच डब्यात जमिनीवर वाढवलेली. त्यांची नावं कशीही मागंपुढं लिहिलेली पाहून माझ्यातला मास्तर बेचैन झाला. सारा जन्म हजेरीपट लिहिण्यात गेला. आढावच्या आधी वाघ आलेला मला खपत नाही. मी नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. संगणकानं विचारलं, बाजूचे रकानेही सोबत हलवायचे का? मी 'नाही' म्हणालो. संगणकानं काहीही विचारलं की मी नाहीच म्हणतो. फार चौकशा करणाऱ्याला दाद द्यायची नाही, हे मी कॉलेजच्या ऑफिसातून शिकलो. नावं सुरेख ओळीत उभी राहिली. आकडे मात्र हलले नाहीत. त्यामुळे वर जाऊन आलेली काही रोपं खाली उतरली आणि जमिनीवरची काही घरबसल्या अंतराळात पोचली.

या चुकीपायी जमीरभाईंची खोली गेली. त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात माझ्यापासून करावी लागते ती अशी. आज ते असते तर एवढं वाचून चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, "हे झालं सर. बाकीचं सांगा."

'बाकीचं सांगा' हे त्यांचं वाक्य होतं. कुणी म्हणालं, काल ताप होता, की जमीरभाई विचारत, "बाकीचं सांगा. आधी काय खाल्लं, कुठं गेलते, थंडी वाजली का नाही?" कुणी म्हणालं, एस.टी. उशिरा आली, तर "कोणती, कोठून सुटलेली, रस्त्यात काय झालं?" नुसती बातमी त्यांना पटतच नसे. तिचा आगापिछा लागे.

संग्रामपूरकडच्या एका लहान कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि मी विभागप्रमुख. विभाग म्हणजे आम्ही दोघं, एक कण्हणारा फ्रीज आणि फॉर्मालिनमध्ये बुडवलेली शेवाळं. जमीरभाई उंच, किरकोळ. कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात कापलेल्या कागदी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि दोऱ्याचं रीळ. समोर येईल त्या वस्तूला ते चिठ्ठी बांधत. चहाच्या थर्मासला रोज नवी चिठ्ठी: 'चहा. ७.४०. साखर: वानखडे सर मागतात तेवढी, डॉक्टर सांगतात त्याच्या दुप्पट.' काचेच्या एका बशीवर वर्षभर एक चिठ्ठी होती आणि बाहेरून येणारे परीक्षक ती मोठ्यानं वाचत: 'बुरशी, जुन्या पावावरची. पाव: शेगाव स्टेशन. आणला: वानखडे सर. खायले आणला होता, विसरले.'

हे वेड त्यांच्या घरचं होतं. रोहिणखेडला त्यांच्या वडिलांचं पिंजाऱ्याचं दुकान. आजूबाजूच्या गावांतून बाया जुन्या गादीतला कापूस पिंजून घ्यायला आणत, आणि प्रत्येकीला आपलाच कापूस परत हवा असे. लेकीच्या बाळंतपणात भरलेली गादी, सासऱ्याच्या आजारपणातली गादी. त्यात परक्या घरचा कापूस आलेला चालत नसे. पण पिंजून झाला की सगळा कापूस सारखाच पांढरा. म्हणून वडील प्रत्येक ढिगावर चिठ्ठी ठेवत: कोणाचा, कोणत्या गावचा, किती वर्षांचा, कशासाठी भरायचा. दुकानात उन्हाळ्यातही पंखा लावायची बंदी होती. "काऊन माहीत आहे का सर?" जमीरभाई सांगत. "वारा लागला अन् चिठ्ठी हलली का झालं. एका घरची नीज दुसऱ्या घरी जाते."

मी विभागप्रमुख असल्यामुळे अशा गोष्टींकडे कौतुकानं आणि जरा वरून पाहत असे. एका वर्षी प्रात्यक्षिकासाठी भिजवलेले मूग उगवलेच नाहीत. मी वर्गात बियाण्यातल्या भेसळीवर पाऊण तास बोललो आणि दुकानदाराला तक्रारीचं पत्रही लिहायला घेतलं. जमीरभाई दारात उभे राहून ऐकत होते.

"सर, बाकीचं सांगा. बशी कुठं ठेवली होती?"

"कपाटावर."

"कोणत्या?"

मी बोट दाखवलं. ते कपाट नव्हतं. पानं वाळवायची उष्णपेटी होती आणि ती चालू होती. जमीरभाईंनी बशी उचलली, दोन दाणे चिमटीत धरून पाहिले आणि वर्गाच्या देखत म्हणाले, "हे आता उगवत नाही सर. याले फोडणी द्या."

अंतराळ आमच्या विभागात आलं तेही माझ्याच एका विधानामुळे. कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. एका शाळेच्या मुलीनं मला विचारलं, "सर, पृथ्वी ओढते म्हणून मूळ खाली जाते ना? मंग अंतराळात कुठं जाते?" मला माहीत नव्हतं. पण गळ्यात 'विभागप्रमुख' अशी रिबीन होती. मी ठामपणे सांगितलं, "तिथं मूळ वाढतच नाही. दिशाच नाही तर जाईल कुठं?" मुलीनं ते वहीत लिहून घेतलं.

दोन दिवसांनी जमीरभाईंनी मला संगणकासमोर बसवलं. पडद्यावर मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपाचे फोटो होते. मुळं होती, चांगली लांब, थोडी तिरकी, नागमोडी.

"हे वरचं आहे सर. वाढते. उजेड असला का उजेडापासून दूर जाते. त्या पोरीले सांगा लागन."

"कुठून आणलंत हे?"

"त्यांनीच ठेवलं आहे. परदेशातल्या अंतराळसंस्थेनं. वर झालेल्या प्रयोगातलं सगळं: फोटो, रोपाच्या पेशीत कोणता जनुक किती जोरात चालून राह्यला त्याचे आकडे, डब्यात किती गरमी होती, पाणी कधी दिलं. ज्याले पाह्यजे त्यानं न्या म्हणतात."

"सगळं? असंच?"

"असंच."

मला ते धोक्याचं वाटलं. सातासमुद्रापलीकडच्या अंतराळसंस्थेचा माल आपल्या संगणकात, उद्या चौकशी लागली तर सही माझी. मी रीतसर कॉलेजच्या कागदावर, मार्फत मा. प्राचार्य, पत्र लिहिलं: 'विषय: अंतराळातील रोपांची माहिती वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.' जावक क्रमांक टाकला, गोल शिक्का मारला, त्याचा फोटो काढून पाठवला. आठवडाभरात उत्तर आलं. कुणा बाईनं फार आपुलकीनं लिहिलं होतं: परवानगी लागत नाही. कुठून घेतलं एवढं सांगा. त्यातून तुम्हाला काही सापडलं तर तेही असंच उघडं ठेवा. आणि तुमचा शिक्का फार छान आहे.

ऑफिसातले बडे बाबू ते उत्तर हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. "परवानगी दिली म्हणावं का नाकारली?" त्यांनी विचारलं. "लागतच नाही म्हणतात? अशी फाईल नाही आपल्याकडं."

जमीरभाईंना त्या उत्तरातलं काहीच नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "बरोबरच आहे. वर पाठवायले केवढा खटाटोप अन् रोपं सहाच. एकट्यानं पाह्यली तं त्याले त्याच्यापुरतंच दिसन. शंभर जणांनी पाह्यली तं काई राहून गेलं ते सापडन. म्हणून वही उघडी ठेवली." मग म्हणाले, "त्यांच्यापाशी रॉकेट आहे, आपल्यापाशी नाही. पण पाह्याले डोळे तं तेच आहेत ना सर?"

ही माहिती जगभरातून घेऊन तपासणाऱ्या हौशी-नवख्या-जाणत्या लोकांचा एक गट होता. आठवड्यातून एकदा ते संगणकावर भेटत. तिकडं संध्याकाळ आणि आपल्याकडं सकाळचे साडेसहा. नेटवर्क फक्त प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीत येई. जमीरभाई इस्त्रीचा शर्ट घालून त्या खिडकीत बसत, आणि मी त्यांच्यामागं, साहेब असल्यासारखा. त्यांचं इंग्रजी मोजून साठ-सत्तर शब्दांचं. पण शब्द कमी म्हणून प्रश्न कमी, असं त्यांचं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत त्यांनी हात वर केला आणि विचारलं, ही रोपं पुढं तपासायला म्हणून वर गोठवली तेव्हा डब्यातला दिवा चालू होता का बंद?

मी मागून त्यांचा शर्ट ओढला. एवढ्या मोठ्या लोकांना दिवाबत्तीचं काय विचारायचं! पण पडद्यावरची एक पांढऱ्या केसांची बाई, जिनं तो प्रयोग केला होता तीच, आम्हाला पत्राचं उत्तर देणारी, हळूच म्हणाली की हे कुठं लिहिलेलं नाही; शोधते. पुढच्या आठवड्यात ती आपली जुनी कागदी डायरी घेऊनच आली. काही रोपं गोठवली तेव्हा दिवा बंद झालेला होता. आम्ही ते लिहायचं विसरलो, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली, आणि त्या दिवशीपासून मूळ फाईलमध्ये एक ओळ वाढली: कोणत्या रोपांवर उजेड होता, कोणत्या नाही, विचारणारा, जमीर.

घरी जाताना जमीरभाई नेहमीसारखे सायकलवर बसले नाहीत. सायकल हातात धरून कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत गेले. तेवढाच काय तो आनंद मी पाहिला.

त्यानंतर त्यांच्या मनात खोली आली. प्रयोगशाळेच्या मागं मोडक्या बाकांची एक अडगळीची खोली होती. तिथं दोन संगणक ठेवायचे, नेटवर्क आणायचं, आणि ज्याला वाटेल त्या मुलानं-मुलीनं येऊन त्या फाइली उघडायच्या. "शिकवायचं काई नाही," ते मला म्हणाले. "फक्त बसाले जागा पाह्यजे. तिकडची पोरं जे पान उघडतात तेच इकडच्या पोरींनी उघडावं, बस." त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्याआधी ही खोली झालेली त्यांना पाहायची होती. एरवी या माणसानं कॉलेजकडं कधी स्टूलही मागितलं नव्हतं.

प्राचार्यांनी आधी ऐकून सोडून दिलं. मग आमचा 'शोध' लागला.

दिवा चालू असलेली आणि बंद असलेली रोपं वेगवेगळी पाहिली तर मुळांच्या पेशींची भिंत बांधणारे जनुक वर गेल्यावर वेगळे वागतात का, असा जमीरभाईंचा प्रश्न होता. गटातल्या लोकांनी गणित शिकवलं. आकडे जमीरभाईंनी उतरवले. शेवटचा तक्ता नीटनेटका करून गणिताला लावायचं काम तेवढं मी मागून घेतलं, कारण विभागप्रमुखानं काहीतरी करायला हवं. ते मी कसं केलं ते वर सांगितलंच आहे.

उत्तर आलं ते डोळे दिपवणारं. वर गेलेल्या रोपांत ते जनुक जवळजवळ झोपीच गेलेले! आम्ही तो तक्ता रीतीप्रमाणे सगळ्यांसाठी उघडा ठेवला. मी विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात त्यावर बोललो, शाल आणि नारळ घेतला, आणि टाळ्या थांबल्यावरही थोडा वेळ उभा राहिलो. प्राचार्यांनी फाटकावर फ्लेक्स लावला. 'क्रांतिकारी संशोधन' या शब्दांखाली माझा फोटो, आणि कोपऱ्यात, पासपोर्टएवढा, जमीरभाईंचा. खोली मंजूर झाली. चुना लागला, दोन संगणक आले, शुक्रवारी उद्घाटन ठरलं. जमीरभाईंनी रोहिणखेडहून घरचा कापूस आणून खुर्च्यांसाठी आठ लहान गाद्या स्वतः भरल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्याला चिठ्ठी शिवलेली: 'कापूस: घरचा. भरली: जमीर. कोणासाठी: जो बसन त्याच्यासाठी.'

सोमवारी सकाळी मी आलो तेव्हा ते तक्त्यासमोर बसले होते. थर्मासवर चिठ्ठी नव्हती.

"सर, चार नंबरची तब्येत कशी सुधारली?"

"कोण चार नंबर?"

"चौथं रोप. ते अशक्त होतं. त्याच्या पेशींतून तपासाचा माल कमी निघाला होता, सगळेच आकडे बारीक. मी स्वतः उतरवले. आता ते चांगलं ठणठणीत दिसून राह्यलं, अन् नऊ नंबर मरतुकडं झालं." त्यांना ती बारा रोपं भाच्या-पुतण्यांसारखी ठाऊक होती. "बाकीचं सांगा सर. तुमी काय केलं?"

मी सांगितलं. नीट दिसावं म्हणून केलं, हेही सांगितलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग एवढंच म्हणाले, "चिठ्ठ्या हलवल्या तुमी."

मी दार लावून घेतलं. "जमीरभाई, शुक्रवारपर्यंत थांबा. चारच दिवस. उद्घाटन होऊ द्या, खोली पक्की होऊ द्या, मग सावकाश दुरुस्त करू. कोणाला कळतंय?"

"चार दिवसांत आपली फाईल कोणी नेली तं?"

"आपली फाईल कोण नेतंय!"

"आपण नाही नेली का त्यांची?"

मी आवाज वाढवला. "अहो, खोली तुमचीच जाईल! माझं काय? मला शाल मिळालीये."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. आणि उठून परीक्षानळ्या धुवायला लागले. त्या धुतलेल्याच होत्या. एक अख्खा तास त्यांनी त्या पुन्हा पुन्हा धुतल्या, पालथ्या घातल्या, परत सरळ केल्या. मी मधे एकदा "जमीरभाई" म्हणालो तर त्यांनी मागं न पाहता हात वर केला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा हात पुसत आले. डोळे लाल होते.

"त्या बाईनं डायरी काढून सांगितलं ना सर, का लिहायचं राह्यलं म्हणून? तिनं झाकलं असतं तं आपल्याले काय समजलं असतं? तिनं पूर्ण वही दाखवली अन् आपण पान दुमडून ठेवावं, हे मले जमत नाही." मग कानावरची पेन्सिल काढून म्हणाले, "चला. आधी साहेबांकडं जाऊ."

प्राचार्य माणूस वाईट नव्हते. संस्थेच्या मंडळींना त्यांनी ही खोली गळी उतरवली होती ती त्या फ्लेक्सच्या जोरावर. ऐकताच ते खुर्चीत मागं टेकले.

"पाहुणे येतायत शुक्रवारी. पत्रिका वाटल्यात. जमीर, हे लगेच बाहेर कळवायची गरज आहे का? परक्या लोकांना?"

"ते परके नाही साहेब. एकाच वहीत लिहून राह्यलो आमी."

"मग खोली कशाच्या नावानं उघडू मी? चुकीच्या?"

"खोली चुका पाह्यासाठीच आहे साहेब," जमीरभाई म्हणाले. "पण तुमची अडचण समजते मले. फ्लेक्स मी उतरवतो."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, माझा फोटो काढा, माझी शाल परत पाठवा, पण या माणसाची खोली राहू द्या. एवढी चार वाक्यं. मी काय केलं? प्राचार्यांच्या टेबलावर पाच पेपरवेट होते. ते मी लहानमोठे लावून एका ओळीत ठेवले.

उद्घाटन रद्द झालं. संगणक ऑफिसात गेले आणि खोलीत बाक परत आले. जमीरभाईंनी शिडी लावून फ्लेक्स उतरवला, तोही न फाडता, घडी घालून, वर चिठ्ठी टाचून: 'उतरवला सोमवारी. कारण: खरं नव्हतं.'

त्या आठवड्यातली बैठक मी आयुष्यात विसरणार नाही. जमीरभाई खिडकीत, इस्त्रीच्या शर्टात. मी कपाटाच्या आड, पडद्यावर दिसणार नाही असा. त्यांनी त्यांच्या साठ-सत्तर शब्दांत सगळं सांगितलं. मग फाईलवर ठेवायची नोंद वाचून दाखवली: रांग हलली. हलवणारा, वानखडे. न तपासणारा, जमीर. माझं नाव घालू नका म्हणून मी आदल्या दिवशी त्यांची मनधरणी केली होती. 'एक सहकारी' लिहा म्हटलं होतं. ते म्हणाले होते, "सर, चिठ्ठीवर नाव झाकत नाही. अन् माझं बी आहे ना सोबत."

नोंद वाचून झाल्यावर त्यांनी मान वळवली. "या ना सर समोर. ते इचारून राह्यले."

मी कपाटाआडून निघालो. सॉरी म्हणालो. पांढऱ्या केसांची बाई हसली. सगळ्यांदेखत म्हणाली की तरुणपणी मीही एकदा असंच केलं होतं आणि ते सांगायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला दोन दिवस लागले. ती माझ्याकडं पाहत बोलत होती. ते दोन दिवस माझे नव्हते, हे मी तिला सांगितलं नाही.

रांगा सरळ केल्यावर आमचा डोळे दिपवणारा शोध विझला. एक बारीकशी गोष्ट तेवढी उरली: उजेडातल्या आणि अंधारातल्या रोपांत खरंच थोडा फरक होता. ती जमीरभाईंच्याच प्रश्नातून आलेली, आणि आजही त्या फाईलमध्ये त्यांच्या नावानं आहे. माझंही नाव अंतराळविज्ञानात राहिलं म्हणा. गटातले लोक नव्या माणसाला सांगतात, गणित करण्याआधी तक्ता एकदा 'वानखडे करून' बघ; म्हणजे कुठली रांग हलली तर नाही ना, ते पाहा. मला एकदा कुठल्या तरी दूरच्या देशातल्या विद्यार्थ्याचं पत्र आलं: ते वानखडे खरंच आहेत का, की हा नुसता शब्द आहे?

सात महिन्यांनी जमीरभाई निवृत्त झाले. निरोप समारंभात मी बोललो आणि पेपरवेटचं सोडून सगळं बोललो. जाताना त्यांनी कॉलेजातून काहीच नेलं नाही, फक्त त्या आठ गाद्या सायकलच्या कॅरिअरला बांधून एस.टी. स्टँडवर नेल्या. मी म्हटलं, एक तरी ठेवा माझ्यासाठी. तर चिठ्ठी दाखवून म्हणाले, "जो बसन त्याच्यासाठी आहे सर. या कधी बसाले."

मी गेलो तो दोन वर्षांनी. तीच आमची शेवटची भेट. मोताळ्याला उतरून रोहिणखेडची गाडी धरली, जुन्या मशिदीच्या अलीकडं उतरलो आणि पिंजाऱ्याचं दुकान विचारलं. ज्याला विचारलं तो म्हणाला, "संगणकवालं का?"

दुकानात पिंजायचं यंत्र बंद होतं. भिंतीला लागून कापसाचे पांढरे ढीग, प्रत्येकावर चिठ्ठी. पंखा नव्हताच. आणि ढिगांच्या मधोमध एका पत्र्याच्या पेटीवर जुना संगणक, खाली त्या गाद्या, गाद्यांवर कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. पडद्यावर माझ्या ओळखीचा तक्ता होता. बारा रोपं.

जमीरभाई फार वाळले होते. दमा बळावला होता. दोन शब्दांमधे थांबत. पण पेन्सिल कानावर होती.

"हे वानखडे सर," त्यांनी मुलींना सांगितलं.

मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. "ते?"

"हाव. तेच."

मी गादीवर बसलो. चांगली मऊ होती. मुली कामाला लागल्यावर मी हळू आवाजात त्यांना म्हणालो, "जमीरभाई, त्या दिवशी साहेबांसमोर मी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. पेपरवेट लावत बसलो."

"पाह्यलं होतं मी," ते म्हणाले. दम घेतला. "पाच होते. लहानाकडून मोठ्याकडं."

"तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

"ते माझं नव्हतं सांगाचं. तुमचं होतं." थोडं हसले. "आता सांगितलं ना. तं ते बी लिहून ठेवा सर कुठं तरी. उघडं ठेवा."

म्हणून हे लिहिलं. ठेवलं.

निघायच्या वेळी त्यांना माझ्यासोबत द्यायला लहानशी उशी काढायची होती. ते कोपऱ्यात वाकले, उशी मांडीवर घेतली आणि दाराच्या उजेडात चिठ्ठी लिहायला बसले. कापसाचे तंतू केसांत अडकलेले, पेन्सिलीचं टोक जिभेला लावून, एकेक अक्षर सावकाश. माझ्या डोळ्यांपुढं आता ते तसेच आहेत. मी उभा होतो. हाताला काम नव्हतं. शेजारच्या ढिगांवरच्या चिठ्ठ्या वाकड्यातिकड्या पडल्या होत्या, एक तर उलटीच झाली होती. मी एक उचलली. दुसरीही उचलली. दोन्ही सरळ करून आता कुठली कुठं ठेवायची म्हणून पाहतोय, एवढ्यात शमीमभाभी, जमीरभाईंच्या घरच्या, चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या. ट्रे त्यांनी पेटीवर ठेवला आणि माझ्या हातातल्या दोन्ही चिठ्ठ्या काढून घेतल्या.

"राहू द्या सर, तुमी बसा निवांत," त्या म्हणाल्या. "तुमी नीट करून ठेवलं का मंग आमाले काई सापडत नाही."